देवीचं काम

नववीतल्या एका मुलीला मी तिच्या आवाजाबद्दल खोटं सांगितलं. हे आजवर मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, स्टाफरूममध्ये वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मित्राजवळही नाही. तसा मी कमी बोलणारा. लोक म्हणतात सरांचा स्वभावच तसा, आणि मीही बरेच दिवस तसंच समजत होतो.

मी डोणगावच्या पुढे एका गावात शाळेवर इंग्रजी शिकवतो. गाव मोठं, शाळा खाजगी संस्थेची, आठवी ते दहावीच्या दोन-दोन तुकड्या. मी याच गावचा, मोठ्या शेतकरी घरातला. ती मुलगी बौद्ध घरातली. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करायची. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं, आणि त्या वेळी आम्ही कोणीच हे शब्द तोंडातून काढले नाहीत.

त्या डिसेंबरात मोबाईलवर एक इंग्रजी मालिका सुरू झाली होती. पुस्तकांवरून केलेली, ग्रीक देवांची. पण गोष्ट जुन्या काळातली नाही, आजची. त्यातली मुलं आपल्या पोरांसारखीच शाळेत जाणारी, मार खाणारी, वर्गाबाहेर उभी राहणारी. फक्त त्यांच्या आईबापांपैकी एकजण देव असतो, आणि तो मुलांकडे फिरकत नाही. हिंदीतही ती मिळत होती. आमच्या शाळेत ती या एकाच मुलीनं पाहिलेली. तिचे मामा पुण्याला कंपनीत, त्यांनी आपला पासवर्ड बहिणीच्या मोबाईलमध्ये टाकून दिला होता. आठवड्याला एक भाग यायचा. भाग पाहिला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ही हातपंपाच्या ओट्यावर चढायची आणि वर्गाला सगळा सांगायची.

हातपंप आणि स्टाफरूम यांच्यामध्ये कबड्डीचं अख्खं मैदान आहे. मी खिडकीपाशी डबा खात बसायचो आणि मला एकूण एक शब्द ऐकू यायचा.

"मंग त्या पोराले समजते का आपला बाप समुद्राचा देव हाय."

"इतके दिवस कोठी होता बाप?" एक पोरगा विचारायचा.

"समुद्रात."

"पोराले भेटाले काऊन नाही आला?"

"देवाईले बंदी असते. लेकराईशी बोलाचं नाही म्हून."

"माहा बाप बी बोलत नाही बे माह्यासंगं. थो बी देवच असन!"

"तुहा बाप देव नाही. तुह्या बापानं तुहे चाचणीचे मार्क पाह्यले."

पोरं हसून हसून लोळायची. मीही खिडकीशी एकटाच हसायचो. घंटा झाली तरी कोणी उठायचं नाही, मग शिपाई काठी आपटत जायचा आणि तोही पाच मिनिटं ऐकत उभा राहायचा.

जानेवारीत गॅदरिंगची तयारी सुरू झाली. दरवर्षी तेच असायचं, कोळीगीत, शेतकरी नाच, एक देशभक्तीचं, एक दारूबंदीचं. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता. ही मुलगी शंभर पानी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, नाटक लिवलं मी. तुमी वाचसान का?"

मी म्हटलं, तूच वाच.

तिनं मालिका जशीच्या तशी उचललेली नव्हती. तिचे देव आमच्या गावात आले होते. गावात उंच असं पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही, म्हणून ते टाकीवर राहत होते. समुद्राच्या देवाला इकडे काम नव्हतं, तर त्याला नळाला पाणी सोडायला ठेवलं होतं आणि तो चार दिवसांआड सोडत होता. विजेचा देव शेतीपंपाला रात्रीचीच लाईट द्यायचा आणि विचारलं की गडगडायचा. दोघं दिवसभर भांडत. टाकीवर काम करणारी एकटी शहाणपणाची देवी. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल, खांद्यावर घुबड. शेवटी तिची माणसातली मुलगी टाकीच्या शिडीखाली येऊन विचारते, तू कधी खाली काऊन नाही आली? मग देवी बोलत बोलत एक एक पायरी उतरते. ते भाषण दीड पानाचं होतं. देवीचं काम ती स्वतः करणार होती.

तिनं ते भाषण माझ्यासमोर वर्गात उभं राहून म्हटलं. शेजारच्या वर्गात गणिताचे सर शिकवत होते, ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय वं पोट्टे, माह्या वर्गाले बी तुहंच आईकू येऊन राह्यलं. फळ्याकडं कोणी पाहीना."

आठ दिवस तालमी झाल्या. पुठ्ठ्याचं शिरस्त्राण झालं, परातीला चांदीचा कागद लावून ढाल झाली. घुबड कापसाचं. ते तिच्या आईनं मशीनवर शिवून दिलं.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. गॅदरिंगमध्ये देवीचा प्रवेश असला की पुढच्या रांगेतल्या बाया उठतात. स्टेजवर जातात, देवी झालेल्या मुलीला हळदीकुंकू लावतात, खणा-नारळानं ओटी भरतात, पाया पडतात. दहा-पंधरा मिनिटं कार्यक्रम थांबतो. निवेदक माईक खाली ठेवून उभा राहतो. यात कोणाला वावगं वाटत नाही. ती मुलगी काल त्यांच्याच ओसरीवर मार खात होती हे त्यांना माहीत असतं, तरी पाया पडतात. घरून निघतानाच ओटीचं सामान पिशवीत घालून आणतात, लागलं तर असावं म्हणून.

तालमीच्या सातव्या दिवशी संस्थेचे एक वयस्क संचालक आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. नाटक पूर्ण पाहिलं, नळाच्या जागेला मोठ्यानं हसले. मग ऑफिसात चहा घेताना मला म्हणाले, "सर, नाटक चांगलं हाय. पोरगी बी हुशार. माह्यं काई म्हणणं नाही."

"हो, हुशार आहे."

"पण देवी म्हटल्यावर बाया उठतीनच. मंग कोणाच्या पाया पडतीन त्या?"

मला कळलं. तरी मी म्हटलं, "भाऊसाहेब, ही आपली देवी नाही. ग्रीक देवी आहे."

"मंग तुमी माईकवरून सांगसान का, का बाया हो, हे परदेशातली हाय, बसून राहा?"

शिपाई हसला. कारकून हसला. मीही हसलो. ते हसू मला आजही आठवतं, कारण त्या हसण्यातच मी हो म्हणून गेलो होतो. पुढे बोलायला काही उरलं नव्हतं.

"दुसरं कोणतं बी काम द्या तिले," ते म्हणाले. "लिवलं तिनं म्हून नाव बी पुकारा. पण थे काम नको." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. बशीत चहा ओतून प्यायले आणि गेले.

मी म्हटलं होतं, "पाहतो."

इथं वाचणाऱ्याला वाटेल की नोकरीचा प्रश्न असेल. नव्हता. माझी नोकरी पक्की होती, पगार सरकारकडून येत होता, भाऊसाहेब माझं काहीही वाकडं करू शकत नव्हते. मला फक्त वाद नको होता. रस्त्यात भेटले की रामराम घालायचा, लग्नात एका पंगतीत बसायचं, ते तसंच चालू राहावं एवढंच मला हवं होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर नकार आणायला गेलो. मित्र म्हणाला होता, त्यांच्यात देव मानत नाहीत, बापच नको म्हणेल, तू कशाला वाईट होतोस. मला ते पटलं होतं. तिच्या वडिलांनी खुर्ची पुसून दिली. नुकतेच ड्युटीवरून आले होते, अंगात खाकी तशीच होती.

मी विचारलं, "मुलगी देवी होतेय नाटकात. तुमच्याकडे चालतं का हे? नसेल चालत तर स्पष्ट सांगा, मी बदलतो."

ते हसले. "आमी देव नाही मानत सर. पण नाटक मानतो. नाटकातले देव चालतात आमाले, थे घरी मुक्कामाले येत नाहीत."

आतून तिची आई म्हणाली, "घुबड तेवढं वापस आणाले सांगा तिले. उशीचा कापूस काढला मी."

"आवाज माह्यावर गेला सर तिचा," वडील म्हणाले. "मी स्टँडवर मेहकर-मेहकर करतो न, तसा. तुमी पाहाच, पार वेशीलोक जाईन."

मी चहा घेतला आणि उठलो. नकार मिळाला नाही. आता जे करायचं ते मलाच करायचं होतं, आणि करायचं नसेल तर तेही मलाच ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, "देवीचं काम दहावीतली एक मुलगी करील. तुझा आवाज मागपर्यंत पोचत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "सर, मी जोरात बोलीन."

"जोरात बोलून होत नाही ते. मुळात पल्ला लागतो आवाजाला."

"पण माईक असते न सर."

म्हटलं, "माईकवर अवलंबून चालत नाही."

"गणिताचे सर तर म्हणत होते..."

"वर्गाचं वेगळं असतं. मांडवाचं वेगळं."

मग म्हणाली, "मंग मी काय करू?"

"विंगेतून वाक्यं सांग. नाटक तुझंच आहे, तुला पाठ आहे."

"हाव सर," ती म्हणाली. मी इंग्रजीचा मास्तर, ती माझं ऐकणारच. आवाजाबद्दल मला कळतं असं तिला वाटलं असणार. तिनं वाद घातला असता, रडली असती, बापाला घेऊन आली असती, तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. पण तेही माझं काम दुसऱ्यानं करावं असं वाटणंच झालं.

गॅदरिंग दुपारी होतं. मांडव भरला होता, मागच्या भिंतीवर पोरं चढून बसलेली. दहावीतली मुलगी शिरस्त्राण घालून आली. चांगली मुलगी होती, तिचा काही दोष नाही. आणि बाया उठल्या. कापसाच्या घुबडासकट त्यांनी त्या देवीला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. एका म्हातारीनं विचारलं, "हे कोणती माय हाय वं?" दुसरी म्हणाली, "असन कोणती बी. पाया पड."

नववीतली ती मुलगी विंगेत माझ्यापासून हातभर अंतरावर वही धरून उभी होती. तिनं ओटी भरताना पाहिली. भाऊसाहेब पुढच्या खुर्चीवर होते, तेही पाहत होते. तिनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी पडद्याच्या दोरीकडे पाहू लागलो.

बाया खाली उतरल्या आणि नाटक पुढे सुरू झालं. विजेचा देव गडगडला, नळाच्या जागेला टाळ्या पडल्या. मग शिडीचा प्रसंग आला. देवी पहिली पायरी उतरली आणि अडली. ओटीचे नारळ पदरात, कुंकू घामानं डोळ्यात उतरलेलं, तिला पुढचं आठवेना. विंगेतून हिनं वाक्य दिलं. कुजबुजून नाही, जसं तिनं लिहिलं होतं तसं दिलं. ते अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. मागच्या भिंतीवरची पोरं ओरडली, "अय, हे थेच हाय! हातपंपवाली!" आणि टाळ्या वाजवू लागली. मांडवाच्या अगदी शेवटी, खांबाला टेकून, खाकीतले तिचे वडील उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते.

भाऊसाहेबांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं.

मी तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

पुढचं वाक्य तिनं इतकं हळू सांगितलं की दहावीतल्या मुलीला ते पोचलंच नाही. ती दुसऱ्या पायरीवर उभी राहिली, विंगेकडे पाहत. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. शेवटी मीच पडदा ओढायला लावला. देवी खाली उतरलीच नाही. लोकांना तेवढंच नाटक आहे असं वाटलं. भाऊसाहेबांनी कबूल केल्याप्रमाणे माईकवरून तिचं नाव पुकारलं गेलं, लेखिका म्हणून. ती स्टेजवर आली नाही.

त्यानंतर हातपंपाच्या ओट्यावर कोणी चढलं नाही. मालिकेचा त्या वर्षीचा शेवटचा भाग येऊन गेला, त्यात काय झालं हे आमच्या नववीला कधी कळलं नाही. पोरं तिच्या मागे लागायची, "सांग न वं, बापाची भेट झाली का नाही?" ती म्हणायची, घसा दुखते.

मार्चमध्ये मी मेहकरला निघालो होतो. गाडीत कंडक्टर तिचे वडील. गर्दी कमी झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"सर, तुमी सांगतलं थे बरं झालं. नाही तर आमाले समजलंच नसतं."

"काय?"

"तिच्या आवाजाचं. आमाले घरात मोठाच वाटे. मंग बुलढाण्याले नेलं तिले, घशाच्या डॉक्टरकडं. दुर्बीण टाकून पाह्यलं. डॉक्टर म्हणे काईच नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा म्हणे. करते बिचारी, सकाळ-संध्याकाळ, एक दिवस नागा नाही."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. तूर काढून झालेली रानं होती.

"मंग सर, काईच नसन तर पोचत काऊन नाही?"

त्या वेळी गाडीत आम्ही दोघं आणि पुढे चार-पाच माणसं होती. तो माणूस माझ्याकडे खरोखर उत्तरासाठी पाहत होता. मी म्हटलं, "येईल हळूहळू. वय आहे ते." हे दुसरं खोटं, आणि ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"तुमचं लक्ष राहू द्या," ते म्हणाले आणि पुढच्या थांब्यासाठी दोरी ओढायला उठले.

दहावीला ती माझ्याच वर्गात होती. मागून दुसऱ्या बाकावर बसायची. हात कधी वर केला नाही. तोंडी परीक्षेला समोर बसून तिनं उत्तरं दिली ती मला ओठांवरून वाचावी लागली. उत्तरं सगळी बरोबर होती. मी पूर्ण मार्क दिले. बाहेर यादी लागल्यावर ती आली आणि विचारलं, "सर, पुरे काऊन देल्ले? मले तर बोलता नाही आलं." मी म्हटलं, आलं की. वर्गातल्या बाकीच्यांना वाटलं सर तिच्यावर मेहेरबान आहेत. कोणाला काय वाटलं याचा आता काही उपयोग नाही, पण ते मार्क मी तिच्यासाठी दिले नव्हते, स्वतःसाठी दिले होते.

आता ती चिखलीला अकरावीला आहे, मावशीकडे राहते. यंदा थंडीत त्या मालिकेचे नवीन भाग आले. मी मुलाकडून मोबाईलमध्ये ती लावून घेतली आणि पहिल्यापासून पाहिली, रोज शाळेतून आल्यावर, एकटाच. बायको म्हणाली, "या वयात काय पोट्ट्याईचं पाहून राह्यले हो?" खरं तर मालिकेपेक्षा तिनं ओट्यावरून सांगितलेली गोष्ट जास्त चांगली होती. पाहताना मला मधूनमधून तिचंच बोलणं ऐकू यायचं, आणि मग पडद्यावरचं काय चाललंय ते समजायचं नाही.

महिन्यापूर्वी चिखलीच्या स्टँडवर ती दिसली. दोन मैत्रिणी होत्या सोबत. वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "नवीन भाग पाहिले का?"

ती काहीतरी म्हणाली. गाड्यांचा आवाज होता. मी कान पुढे केला. ती पुन्हा म्हणाली. मला ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसले, बरंच बोलली असावी, एकदा हसलीही. मैत्रीण म्हणाली, "सर, हे अशीच हाय. आमाले बी दोन खेपा विचारा लागते."

तिसऱ्यांदा विचारायचं मला धाडस झालं नाही. मी सगळं ऐकू आल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात त्यांची गाडी लागली आणि त्या पळाल्या. तिथं, गाडी लागायच्या आधी, निदान एक मिनिट माझ्याजवळ होतं. ते मी मान हलवण्यात घालवलं.

भाऊसाहेब अजून आहेत, भेटले की रामराम होतो. मित्र म्हणेल, जुनं कशाला उकरतो, पोरगी शिकतेय न. शिकतेय. गुळण्या अजून करते की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायला तोंड नाही.

मी तिला एक गोष्ट देणं लागतो. तिच्या घरी जाऊन, तिच्या आईवडिलांच्या देखत, तिला सांगायचं आहे की तिच्या आवाजात काही कमी नव्हतं. ती बौद्ध घरातली आहे म्हणून तिच्याकडून ते काम काढून घेतलं, भाऊसाहेबांनी सुचवलं आणि काढून घेतलं मी. ते मी अजून सांगितलेलं नाही.